सही कुणाची चालते?

देशातल्या उच्च शिक्षण संस्थांच्या राष्ट्रीय मानांकनाची (एनआयआरएफ) २०२५ ची यादी आली आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ विद्यापीठांच्या गटात २३ वरून थेट ५६ व्या क्रमांकावर घसरलं. तेव्हापासून आमच्या सकाळच्या फिरायच्या कट्ट्यावर एकच विषय आहे. संशोधन बसलं, म्हणजे संशोधनावर कुणीतरी दांडगा माणूस हवा. अर्धा कट्टा म्हणतो, आयआयटीतून आणा, परदेशात नाव काढलेला एखादा मराठी शास्त्रज्ञ आणा, नाहीतर औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतून उचला. उरलेला अर्धा लगेच उसळतो: बाहेरचा कशाला? त्याला इथली नाडी काय कळणार? विभागांत आयुष्य घालवलेली माणसं काय मेलीत? प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप गटांवरही हेच, फक्त तिथे शुद्धलेखन जास्त वाईट.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. माणूस आतला की बाहेरचा, हा प्रश्न दुय्यम आहे. ज्या पदावर त्याला बसवायचं, त्या पदाला स्वतःची सही नसेल, खर्चायला स्वतःचा पैसा नसेल आणि कुलगुरू बदलले की पदही गुंडाळलं जात असेल, तर तिथे साक्षात न्यूटनला आणून बसवा. सहा महिन्यांत तो प्रकल्पांची उपयोगिता प्रमाणपत्रं (मिळालेला पैसा ठरल्या कामावर खर्चल्याचे दाखले) गोळा करत हिंडताना दिसेल. आपण नावांवर भांडतोय, आणि ते नाव ज्या पाटीवर लिहायचं ती पाटी कुठल्या दारावर लावायची हे कुणी विचारत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. राज्यातल्या एका सरकारी विद्यापीठात मी तीसेक वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. नाव घेत नाही, कारण जे सांगतोय ते कुठल्याही विद्यापीठात घडू शकतं. बारा-तेरा वर्षांपूर्वी आमच्याकडे संशोधन संचालक म्हणून एक नामांकित शास्त्रज्ञ आले. राष्ट्रीय प्रयोगशाळेत हयात गेलेली, नावावर पेटंटं, माणूस सज्जन आणि कामाने झपाटलेला. स्वागताच्या दिवशी सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. त्यानंतर महिन्याभरात माझ्या प्रयोगशाळेतला व्हॅक्यूम पंप बंद पडला. दुरुस्तीचा खर्च ३८ हजार. पैसे माझ्याच प्रकल्पाच्या खात्यात पडून होते, विद्यापीठाच्या खिशातून एक रुपया जाणार नव्हता. मी टिपण लिहिलं, तीन कोटेशनं जोडली, विभागप्रमुखांची सही घेतली आणि फाइल पाठवली. ती स्टोअरला गेली, स्टोअरमधून लेखा विभागात गेली आणि ‘पूर्तता करून फेरसादर करावे’ असा शेरा घेऊन माझ्याच टेबलावर परत आली. त्रुटी काय, तर एका कोटेशनवर तारीख नव्हती. तारीख टाकून आणली, फाइल पुन्हा निघाली. ती शेवटच्या टेबलापर्यंत पोचली तोवर कोटेशनांची तीस दिवसांची मुदत उलटून गेली होती. पुन्हा श्रीगणेशा.

मी संचालकांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला, फाइलवर लाल पेनाने ‘अत्यंत तातडीचे’ असं लिहिलं आणि खाली झोकदार सही केली. त्या सहीच्या वर टाइप केलेला शब्द होता ‘शिफारस’. ‘मंजूर’ हा शब्द त्यांच्या रकान्यात कधीच यायचा नाही. लेखा विभागातल्या भाऊसाहेबांनी ती लाल अक्षरं पाहिली आणि अगदी मायेने मला म्हणाले, ‘‘सर, साहेबांची शिफारस आहे हो. पण मंजुरीची सही कुणाची?’’ पंप पाचव्या महिन्यात सुरू झाला. माझ्या पीएच.डी.च्या विद्यार्थिनीचं एक सत्र त्यात गेलं. संचालक चौदाव्या महिन्यात गेले. पत्रात प्रकृतीचं कारण होतं.

भाऊसाहेबांवर माझा राग नाही. उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर वसुलीची नोटीस त्यांना येणार, संचालकांना नाही. ज्याच्या मानेवर जबाबदारी, तो सही जपून करणारच. बाहेरून आलेला मोठा माणूस आमच्याकडे आला होता, आणि तो हरला तो त्याच्या विद्वत्तेमुळे नाही. तेव्हा ‘मोठा माणूस आणा’ म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो: आणला होता की, मग?

हा दोष कुणा एका कुलगुरूंचा किंवा कुलसचिवांचा नाही, आपल्या विद्यापीठांच्या जन्मातच आहे. मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या साच्यावर. शिकवायचं महाविद्यालयांनी, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. विद्यापीठाने स्वतः शिकवावं, संशोधन करावं याला कायद्याने नीट वाट मिळाली १९०४ मध्ये, आणि मुंबईत पॅट्रिक गेडिसना बोलावून समाजशास्त्राचं अध्यासन सुरू व्हायला १९१९ उजाडलं. म्हणजे पहिली साठेक वर्षं हे विद्यापीठ मुख्यतः परीक्षा मंडळच होतं. ती सवय अंगात इतकी मुरली की अजून सुटत नाही. २०१७ मध्ये मुंबईत ऑनलाइन पेपर तपासणीचा घोळ झाला, निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि अखेर कुलगुरूंना पदावरून दूर केलं गेलं. ते योग्यही असेल. पण निकाल लागले नाहीत म्हणून कुलगुरूंची खुर्ची जाते. संशोधन थंडावलं म्हणून कुणाची गेली, असं एक तरी उदाहरण तुम्हाला आठवतं का? ज्या कामासाठी कुणाला घरी जावं लागत नाही, ते काम त्या घरातलं मुख्य काम नसतं.

कायदाच उघडून बघा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ मध्ये अधिकाऱ्यांची यादी आहे: कुलगुरू, प्र-कुलगुरू, अधिष्ठाता, कुलसचिव, परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालक, वित्त व लेखा अधिकारी. त्याच यादीत ‘नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य’ असं भारदस्त नाव असलेलं एक संचालकपदही आहे. (हे नाव एका दमात नीट म्हणून दाखवणाऱ्याला ते पद द्यावं, अशी आमच्याकडे थट्टा चालायची.) त्याआधीच्या १९९४ च्या कायद्यात बीसीयूडीचे, म्हणजे महाविद्यालय व विद्यापीठ विकास मंडळाचे, संचालक होते, महाविद्यालयांच्या शिक्षकांना छोटे संशोधन प्रकल्प तिथून मिळत. २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रत्येक संस्थेत संशोधन व विकास कक्ष असावा अशी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्या कक्षाला पुन्हा एक संचालक. म्हणजे पदांची टंचाई नाही. पण परीक्षा संचालकाकडे छापखाना, गोपनीय कक्ष, शेकडो माणसं आणि निकालाची तारीख असते. संशोधनाच्या संचालकाकडे एक लिपिक, एक प्रिंटर आणि मानांकनाचे तक्ते भरायचं काम. प्र-कुलगुरूंकडे संशोधन द्यावं म्हटलं तर आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार त्यांची मुदत कुलगुरूंच्या मुदतीला बांधलेली. पाच वर्षांत एका चांगल्या प्रयोगशाळेची पायाभरणी होते. फळं पुढच्याच्या काळात येतात. जो जाणार हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्याचा शब्द चौथ्या वर्षी कोण ऐकतो?

विरुद्ध बाजूचा सगळ्यात जोरकस मुद्दा मला मान्य आहे, आणि तो आतले-बाहेरचे या वादात पार हरवून गेलाय. तो असा: कसला संशोधन प्रमुख घेऊन बसलात, आधी शिक्षक भरा. राज्यातल्या विद्यापीठांत मंजूर पदांचा मोठा हिस्सा वर्षानुवर्षं रिकामा आहे. विभागात आठ जणांच्या जागी तिघं, त्यातला एक प्रभारी विभागप्रमुख, दुसरा वसतिगृहाचा प्रमुख, आणि तासिका तत्त्वावरची चार पोरं सगळा अभ्यासक्रम ओढतायत. पलटणीत शिपाईच नसतील तर सेनापती नेमून काय करायचं? बरोबर आहे. एक पगार वाचवून दोन सहायक प्राध्यापक नेमायचे की एक वरिष्ठ संचालक, असा सरळ सौदा असेल तर मी डोळे मिटून दोन सहायक प्राध्यापक घेईन.

पण हा सौदा तसा नाही. पदं भरली जातील तेव्हा कुठल्या विषयात भरायची हे कोण ठरवणार? आज ते ठरतं बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांचा क्रम), कार्यभार (शिकवायचे तास) आणि निवृत्त झालेल्या माणसाचा विषय यांवर. पहिल्या दोन गोष्टी हव्यातच. आरक्षणाला वळसा घालायची पळवाट म्हणून कुणी संशोधनाचं नाव घेत असेल तर त्याच्याशी माझं भांडण आहे. तिसरी मात्र निव्वळ आळस आहे. साहेब निवृत्त झाले, त्यांचा विषय अमुक होता, म्हणून पुन्हा अमुकच. नव्याने आलेल्या पोराला बसायला टेबल मिळतं, प्रयोगशाळा मिळत नाही, पहिल्या वर्षी रसायनं घ्यायला दोन लाख रुपये मिळत नाहीत. तो दोन वर्षं वाट बघतो, मग नॅकच्या, म्हणजे संस्थेच्या दर्जाच्या मूल्यांकनाच्या, समितीत जातो, आणि पुढची तीस वर्षं अहवाल लिहितो. शंभर शिक्षक भरूनही संशोधन उभं राहत नाही ते इथे. भरतीला दिशा देणारा आणि आलेल्याच्या हातात पहिल्याच दिवशी काहीतरी ठेवणारा माणूस लागतो. तेव्हा पदभरती हे संशोधन प्रमुख न नेमण्याचं कारण होऊ शकत नाही. उलट भरती व्हायच्या आधी तो हवा.

आता आतला-बाहेरचा. बाहेरच्याच्या बाजूने इतिहासातलं सगळ्यात झगझगीत उदाहरण म्हणजे कोलकाता विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले आशुतोष मुखर्जी आणि त्यांनी तिथे आणलेले चंद्रशेखर व्यंकट रामन. रामन हे वित्त खात्यातले अधिकारी, असिस्टंट अकाउंटंट जनरल. सकाळी ऑफिसच्या आधी आणि संध्याकाळी ऑफिसनंतर बहूबाजार स्ट्रीटवरच्या एका विज्ञान संस्थेत प्रयोग करायचे. हातात मद्रासची एम.ए., पीएच.डी. नाही, परदेशी शिक्षण नाही. विद्यापीठातल्या पालित अध्यासनाला परदेशी प्रशिक्षणाची अट होती. ती त्यांच्यासाठी बाजूला ठेवली गेली आणि १९१७ मध्ये ते प्राध्यापक झाले. १९२८ मध्ये त्यांनी ‘रामन परिणाम’ शोधला, १९३० मध्ये नोबेल आलं. आजच्या नियमांत रामनचा अर्ज छाननीतच बाद होईल, हे वाक्य सगळेच टाकतात आणि टाळ्या घेतात. मीही वर्गात घेतल्यात.

पण त्या गोष्टीतला दुसरा भाग कुणी सांगत नाही. रामनना नुसती खुर्ची दिली नव्हती. तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या दोन वकिलांनी दिलेल्या देणग्यांतून विज्ञान महाविद्यालय उभं राहिलं होतं, अध्यासनाला स्वतःचा पैसा होता आणि त्या अध्यासनावरच्या माणसाने संशोधन करायचं हे आधीच लेखी ठरलं होतं. ज्या १९०४ च्या कायद्याने व्हाइसरॉय कर्झनला विद्यापीठं मुठीत आवळायची होती, त्याच कायद्यातल्या पदव्युत्तर अध्यापनाच्या कलमाचा आशुतोषबाबूंनी असा उपयोग करून घेतला. माणूस नंतर आला. आधी पैसा, मग अधिकारपत्र, मग रामन. क्रम उलटा करून बघा: रामनना आणलं असतं आणि म्हटलं असतं की उपकरणांसाठी प्रस्ताव पाठवा, पुढच्या खरेदी समितीत बघू. ते परत वित्त खात्यात गेले असते, तिथे निदान पगार चांगला होता.

आणि आतला म्हणजे नक्की कोण? मुंबई विद्यापीठाच्या यूडीसीटीचं उदाहरण घ्या. १९३३ मध्ये सुरू झालेला हा विद्यापीठाचाच रसायन तंत्रज्ञान विभाग. मनमोहन शर्मा तिथलेच विद्यार्थी, मग केंब्रिजला पीएच.डी., आणि १९६४ मध्ये वयाच्या २७ व्या वर्षी तिथेच प्राध्यापक. पुढे तेच संचालक. ते आतले की बाहेरचे? या विभागाने उद्योगांशी नातं जोडलं, देणग्या मिळवल्या, हळूहळू आपल्या कारभाराची मोकळीक मिळवली. आणि २००८ मध्ये तो विद्यापीठातून बाहेर पडून स्वतंत्र अभिमत विद्यापीठ झाला. मुंबई विद्यापीठाचा जो विभाग संशोधनात सगळ्यात पुढे होता, त्याला शेवटी घर सोडावंसं वाटलं. यावर आतले-बाहेरचे वाल्यांनी थोडा विचार करावा.

दुसरा गंभीर आक्षेप अधिकारांचा आहे. एका माणसाच्या हातात पैसा आणि भरती दिली की वशिलेबाजी आलीच, म्हणून नियम हवेत, गुण हवेत, तक्ते हवेत. हा आक्षेप हवेतून आलेला नाही. ‘गुणवत्तेच्या’ नावाखाली जावई आणि शिष्य कसे नेमले जातात हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाने पाहिलंय, आणि नियमांमुळेच ज्यांना पहिल्यांदा विद्यापीठाचं दार उघडलं गेलं अशा घरांतले माझे कितीतरी विद्यार्थी आहेत. त्यांना ‘नियम बाजूला ठेवा’ हे ऐकलं की धडकी भरते, आणि भरायलाच हवी.

पण मोजून निवडलं की वशिला संपतो, हे खोटं आहे. २०१० मध्ये आयोगाने एपीआय, म्हणजे शिक्षकांच्या कामाला गुण देणारा तक्ता, आणला: शोधनिबंधाला इतके गुण, परिषदेला इतके, पुस्तकाला इतके. हेतू स्वच्छ होता. परिणाम? गल्लोगल्ली आंतरराष्ट्रीय नियतकालिकं निघाली, पैसे भरा आणि आठ दिवसांत छापून घ्या. त्यांतली कितीतरी आयोगाच्याच मान्यताप्राप्त यादीत जाऊन बसली. पुणे विद्यापीठातल्या अभ्यासकांच्या पुढाकाराने विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांचा नमुना तपासला गेला, तेव्हा त्यातली ८८ टक्के दर्जाहीन निघाली. २०१८ मध्ये आयोगाला चार हजारांवर नियतकालिकं यादीतून काढावी लागली. मग आयोगाची ‘केअर’ ही नव्या मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी आली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद झाली. आता मागे घ्याव्या लागलेल्या शोधनिबंधांसाठी राष्ट्रीय मानांकनात गुण कापतात. पंधरा वर्षांत आपण मोजमापाच्या पट्ट्या बदलत राहिलो, आणि प्रत्येक पट्टीला चकवणारे तिच्याआधीच तयार होते. वशिला माणसाच्या ओळखीतून यायचा तो आता तक्त्यातून यायला लागला, एवढाच फरक. ओळखीतला वशिला निदान नावानिशी पकडता येतो.

यावर उपाय म्हणजे अधिकार काढून घेणं नव्हे. अधिकार देऊन, तो कुठे वापरला हे सगळ्यांना दिसेल असं करणं. केंद्राने २०२५ च्या जूनमध्ये संशोधन संस्थांसाठी खरेदीचे नियम थोडे सैल केले: विशेष उपकरणं जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलच्या बाहेरून घ्यायची मुभा, कोटेशनशिवाय थेट खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख. म्हणजे जग बुडालं नाही. राज्यातल्या विद्यापीठांनीही संशोधन प्रमुखाला ठरावीक रकमेपर्यंत ‘मंजूर’ लिहायचा हक्क द्यावा आणि दर महिन्याला प्रत्येक खरेदी संकेतस्थळावर टाकावी. माझे ३८ हजार कुठे गेले हे साऱ्या जगाला दिसू दे की. मला काही लपवायचं नव्हतं, पंप चालू करायचा होता.

आणि पैसा? प्रकल्प देणाऱ्या संस्था विद्यापीठाला ओव्हरहेड देतात. संशोधकाच्या प्रकल्पामुळे वीज, जागा, कार्यालय यांवर जो भार पडतो त्यासाठीची ती रक्कम. अमेरिकेतल्या विद्यापीठांचे संशोधन विभाग ज्यांवर चालतात त्यांत हा पैसा मोठा. २०२५ मध्ये तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने त्यावर १५ टक्क्यांची मर्यादा घालायचं ठरवलं तेव्हा विद्यापीठं आणि राज्यं सरळ कोर्टात गेली. आमच्याकडे ओव्हरहेड सामान्य निधीत मिसळून जातो. त्यातून रस्ता होतो, कमान होते. कमानीला माझा विरोध नाही, फक्त ती माझ्या विद्यार्थ्यांच्या रसायनांच्या पैशातून नको.

प्रमुख कसा असावा याचं चित्र शोधायला लांब जायला नको. पुण्यातच, विधी महाविद्यालय रस्त्यावर, भांडारकर संस्थेत १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून पाठ ठरवण्याचं, काम सुरू झालं. सहा वर्षांनी, १९२५ मध्ये, विष्णु सीताराम सुखटणकरांना प्रमुख संपादक म्हणून आणलं गेलं. हा माणूस केंब्रिजला गणित शिकलेला, बर्लिनमध्ये संस्कृतात पीएच.डी. केलेला, मधे पुरातत्त्व खात्यात नोकरी केलेला. छाननी समितीने विचारलं असतं, तुमचा मूळ विषय नक्की कोणता? आल्यावर त्यांनी आधी पोथ्या पडताळण्याची रीत आणि पाठ निवडण्याचे नियम पक्के केले. आदिपर्वाचा पहिला खंड १९२७ मध्ये आला, आदिपर्व पुरं व्हायला १९३३ उजाडलं. आठ वर्षांत एक पर्व! आजच्या कार्यपूर्ती अहवालात त्यांना ‘असमाधानकारक’ शेरा मिळाला असता. १९४३ च्या जानेवारीत ते अचानक गेले, अठरापैकी बहुतेक पर्वं बाकी होती. तरी काम थांबलं नाही. आधी बेलवलकरांनी, मग प. ल. वैद्यांनी ते पुढे नेलं आणि १९६६ मध्ये ते पुरं झालं. हस्तलिखितं ताडून पाहणाऱ्या, ज्यांची नावं कुणी घेत नाही अशा शास्त्री मंडळींना उद्या काय करायचं हे माहीत होतं, कारण प्रमुखाने आपल्या सहीपेक्षा रीत जास्त भक्कम केली होती. पद्धत घालून द्यायला त्यांना वेळ दिला गेला, दर मार्चला हिशेब मागून बेजार केलं गेलं नाही. संशोधन म्हणजे फक्त पांढरे कोट आणि यंत्रं, असं मानणाऱ्यांनी तर हे उदाहरण भिंतीवर लावावं; मोडीतले कागद वाचणाऱ्या इतिहास विभागालाही हाच प्रमुख लागणार आहे.

दुसरं उदाहरण पुणे विद्यापीठाच्या कुंपणातच आहे. आयुका ही खगोलशास्त्राची संस्था १९८८ मध्ये स्थापन झाली, जयंत नारळीकर मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) सोडून संस्थापक संचालक म्हणून आले आणि २००३ पर्यंत राहिले. १५ वर्षं. त्यांच्यानंतर दधीच आले, केंभावी आले, संस्था डगमगली नाही. कुणी म्हणेल, ती तर नवी कोरी संस्था, आयोगाचा पैसा, गळ्यात शेकडो संलग्न महाविद्यालयं नाहीत, तुलनाच चुकीची. ही तक्रार मी निम्मी मान्य करतो. संलग्नतेचं ओझं विद्यापीठाच्या मानेवर आहे तोवर ते आयुका होणार नाही. पण उरलेल्या निम्म्याचं काय? आयुका, रेडिओ खगोलशास्त्राचं एनसीआरए, पेशीविज्ञानाचं राष्ट्रीय केंद्र हे सगळं त्याच आवारात, त्याच झाडांखाली. तिथे तोच पाऊस पडतो आणि वीजही तशीच जाते. फरक एवढाच की त्या संस्थांच्या संचालकांना मंजुरीसाठी शेजारच्या इमारतीत जावं लागत नाही. देशाने संशोधनाला विद्यापीठापासून वेगळं करून प्रयोगशाळांत नेलं, याबद्दल भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा जन्मभर कुरकुरत राहिले. कुंपणाच्या आत उभं राहून बघितलं की त्यांची कुरकुर ऐकू येते.

निवडीबद्दल दोनच गोष्टी. एक, आपल्या मुलाखती म्हणजे अर्ध्या तासाचं सादरीकरण आणि ‘विद्यापीठासाठी तुमची दृष्टी काय’ हा प्रश्न. त्याला प्रत्येकाकडे पंधरा स्लाइड तयार असतात, शेवटच्या स्लाइडवर उगवता सूर्य. त्याऐवजी विचारा: तुम्ही कुठला प्रकल्प बंद केलात? कुणाचा पैसा थांबवलात, आणि तो माणूस आज तुमच्याशी बोलतो का? एखादा शोधनिबंध खोटा आहे असं कळलं आणि तो तुमच्या मित्राचा होता, तेव्हा काय केलंत? या माणसाचं निम्मं काम ‘नाही’ म्हणायचं असणार, आणि ‘नाही’ म्हणता येतं की नाही हे दृष्टीच्या स्लाइडवर दिसत नाही. दोन, समितीने त्याच्या संदर्भपत्रांपेक्षा त्याच्या जुन्या पीएच.डी. विद्यार्थ्यांना फोन करावा. विशेषतः जे मधेच सोडून गेले त्यांना. माणसाची खरी चाचणी तिथे होते, आणि एका फोनला दहा रुपयेही पडत नाहीत.

गेल्या महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली होती, आता ती एका विद्यापीठात प्राध्यापक आहे. पंपवालीच. तिला संशोधन संचालक म्हणून नेमल्याचा आदेश निघाला होता आणि ती पेढे घेऊन आली होती. मी पेढा तोंडात टाकला आणि आदेश वाचायला मागितला. चार ओळींचा होता. खरेदीचा अधिकार कुठे आहे म्हणून मी कागद उलटून पाहिला, मागे काही नव्हतं. ती म्हणाली, ‘‘सर, तिसरी ओळ वाचा.’’ तिथे लिहिलं होतं: ‘आपले सध्याचे कामकाज सांभाळून, पुढील आदेशापर्यंत.’ तिच्याकडे आठवड्याला चौदा तास आहेत, शिवाय मुलींचं वसतिगृह. मी तिला विचारलं, घेणार का? ती म्हणाली, कुलगुरूंना उलटं पत्र लिहिलंय, मला मानधन नको, पन्नास हजारांपर्यंत मंजुरीची सही द्या. पत्र सध्या लेखा विभागात अभिप्रायासाठी गेलंय.